रुमालाखाली दिलेला शब्द

फोन आला तेव्हा मी भांडत होतो. गोडाऊनच्या दारात ट्रकवाला उभा होता, पोती कुणाच्या चुकीनं भिजली यावरून आमची जुंपली होती, आणि आवाज चढवून मी त्याला गप्प करायच्या बेतात असतानाच खिशातला फोन वाजला. वहिनींचा, पारिसअण्णाच्या बायकोचा नंबर. बेळगावच्या दवाखान्यातून त्या रोज दुपारी फोन करायच्या. "आज दोन घोट घेतले", "आज डोळे उघडे होते", एवढंच सांगायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "दत्ताभावजी, गेले हो..." मागं कुणीतरी णमोकार मंत्र म्हणत होतं, तो ऐकू येत राहिला. ट्रकवाल्याचं तोंड अजून चालूच होतं. मी त्याला म्हणालो, "तुझं खरं. जा." इतक्या सहज मी आयुष्यात कुणाला जिंकू दिलं नव्हतं. तोच घाबरला आणि म्हणाला, "काय झालं शेठ?"

पारिसअण्णाला जाऊन आता काही आठवडे झाले. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. ज्यांना श्रद्धांजली वाचायची असेल त्यांनी चौकातला फ्लेक्स बघावा. त्यावर अण्णाचा हसरा फोटो आहे, आणि ज्यांनी त्याला त्याच्या जागेतून बाहेर काढलं त्यांचे हात जोडलेले फोटो खाली ओळीनं आहेत. मी लेखक नाही. पाठीवर पोती वाहून व्यापारी झालेला माणूस आहे, आणि लोक मला भांडखोर म्हणतात ते खोटं नाही. पण ही एक गोष्ट मी सांगितली नाही तर दुसरं कुणी सांगू शकणार नाही, म्हणून लिहितोय. आणि अण्णाला मी एकेरीच लिहिणार. आयुष्यभर अरे-तुरे केलं, आता तो गेला म्हणून 'पारिसअण्णा हे एक व्यक्तिमत्त्व होते' असं माझ्याच्यानं होणार नाही.

निपाणीचा जुना सौदा हॉल परगावच्या वाचकांना माहीत नसेल. इंग्रजांच्या काळातली काळ्या दगडाची लांबट इमारत, वर छपराच्या सागवानी कैच्या आणि मंगळुरी कौलं, मधोमध कमरेएवढा दगडी ओटा. आसपासच्या गावांतून बैलगाड्या यायच्या, ओट्यावर तंबाखूचे बोद, मोठाली पोती, पडायचे, आणि विकणारा व घेणारा समोरासमोर बसून सौदा करायचे. तोंडानं नाही, हातानं. दोघांच्या हातांवर रुमाल पडायचा आणि त्याखाली बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच, पंजा दोनदा धरला की दहा. पटलं नाही की हात सैल सोडायचा. पटलं की समोरच्याच्या हाताच्या पाठीवर अंगठा दाबायचा. अंगठा दाबला की झालं. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळायचं नाही आणि तो विचारायचाही नाही. एकदा अंगठा दाबून मग फिरलेला माणूस मी त्या हॉलात पाहिलेला नाही. माल पावसात गेला, भाव कोसळला, तरी नाही.

माझे वडील तिथं हमाल होते आणि मीही तिथंच पोती उचलू लागलो. उचलता उचलता बोटांची भाषा शिकलो. त्या वेळी जे सगळ्यात मोठे खरेदीदार होते त्यांना अख्खा बाजार 'मालक' म्हणायचा. पुढं मी स्वतः माल घेऊ-विकू लागलो तेव्हा मालकांबरोबर मी कैक वेळा रुमालाखाली हात घातला. त्यांची एक खोड होती. अंगठा दाबायच्या आधी ते समोरच्याच्या करंगळीच्या टोकाला नखानं टोचायचे. बारीक, मुंगी चावल्यासारखं. का, ते त्यांनाच ठाऊक. ज्यानं त्यांच्याशी सौदा केलाय त्यालाच ते कळायचं, आणि त्यानं ते बाहेर बोलायचं नाही, कारण रुमालाखालचं रुमालाखालीच राहायचं. मालक गेले. आज त्यांचा मुलगा हॉल ताब्यात असलेल्या समितीचा अध्यक्ष आहे. नाव लिहीत नाही. नोटिसा पाठवायला त्यांच्याकडं भरपूर वेळ आहे.

पारिसअण्णा शाळेत माझ्या पुढं होता. चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, इथं मामाच्या घरी राहून शिकलेला. मी शाळा लवकर सोडली, त्यानं ती सोडलीच नाही. हायस्कुलात इतिहास शिकवता शिकवता रिटायर झाला. बाजाराशी त्याचा संबंध एवढाच की भाजीवाली सांगेल तो भाव देऊन वर तिला 'बरी हाईस न्हवं?' विचारायचा. तोवर सौदे नव्या मार्केट यार्डात गेले होते आणि हॉलात मोडके बाक, मांडवाचे बांबू, गणपतीच्या सजावटीतले थर्माकोलचे खांब पडले होते. रिटायर झाल्यावर हा माणूस तिथल्या राखणदाराकडून किल्ली मागून झाडू घेऊन आत गेला. मग रविवारी बसस्टँडवर उभा राहून परगावच्या लोकांना विचारू लागला, "थोडा वेळ आहे का? एक जागा दाखवतो." लोक पिशव्या छातीशी धरून लांब व्हायचे. त्यांना वाटायचं, लॉजचा माणूस आहे.

एक दिवस तो माझ्या गोडाऊनवर आला.

"दत्ता, रविवारी हॉलात येत जा."

"कशाला?"

"सौदा दाखवाय दोन माणसं लागत्यात. मी माझाच एक हात दुसऱ्या हातानं धरून दाखवालोय. लोक हसत्यात रं."

"मला काय मिळणार?"

"काय न्हाय."

"मग महिन्यातनं एकदा येतो."

"सगळे रविवार."

"दोन रविवार. तुझं न्हाय माझं न्हाय."

"सगळे रविवार, दत्ता."

असा तो उभाच राहिला. चिडत नव्हता, निघून जायचं नाटक करत नव्हता, काही सोडत नव्हता. ज्याला स्वतःसाठी काहीच नको अशा माणसाशी घासाघीस कशी करायची हे मला बाजारानं शिकवलं नव्हतं. मी सगळे रविवार देऊन बसलो, आणि घरी बायको म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी भेटलं तुम्हाला."

ते रविवार मी आता कुठून आणू? ऊन कललं की अण्णा दार उघडायचा. खांद्यावर पांढरा रुमाल, पायांत चपला नाहीत, त्या दाराबाहेर. आत पाऊल टाकलं की नवीन माणसाला शिंक यायचीच, कारण दगडात तंबाखू मुरलेली. अण्णाला त्या शिंकेचा केवढा आनंद! "आली न्हवं? म्हंजे हॉल जिवंत हाय." कोल्हापूरकडचे पाहुणे असले की मराठीतून सांगायचा, धारवाडकडचे असले की कन्नडमधून, आणि दोन्ही असले की एक वाक्य यातलं, एक त्यातलं. त्याच्या विनोदाला मग दोनदा हसू यायचं, आधी हे हसायचे, मागून ते. हॉलाला पाटी नव्हती. कुठली भाषा वर घ्यायची यावर समितीच्या बैठका झाल्या, चहा झाला, भांडणं झाली, पाटी झाली नाही. अण्णा म्हणायचा, "बरं झालं. मीच पाटी," आणि दारात हात खाली सोडून ताठ उभा राहून दाखवायचा. शेवटी आम्ही दोघं ओट्यावर बसून सौदा करून दाखवायचो. मग तो एकेका पाहुण्याला पुढं बोलवायचा, त्याचा हात रुमालाखाली घ्यायचा आणि विचारायचा, "पुढल्या खेपेला किती माणसं आणणार?" स्वतः पंजा धरून पाच मागायचा, पाहुणा हसत एक बोट द्यायचा, तो तीन धरायचा, शेवटी दोनवर अंगठा. सौदा झाला की रुमाल एकदा झटकायचा, खांद्यावर टाकायचा, आणि सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून घराकडं पळायचा. त्यातले पुन्हा येणारे फार थोडे. मी म्हणायचो, "फसवालेत तुला सगळे." तो म्हणायचा, "यायचेत अजून. मुदत कुठं ठरल्या?"

मग हॉल पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायचे अशी कुजबुज सुरू झाली. कोण कंत्राटदार, कुणाचा मेहुणा, सगळं बाजारात माझ्या कानावर यायचं. मी अण्णाला सांगत होतो, तो नुसता कौलं बघत बसायचा. त्याच सुमारास बेंगळुरूहून जुन्या इमारतींचा अभ्यास करणारी काही मंडळी आली. त्यांच्यासाठी अध्यक्षसाहेब स्वतः इस्त्रीचा सदरा घालून हजर. अण्णानं सगळा हॉल फिरवून दाखवला, सगळे शिंकले, सगळे खूश झाले. मी रुमाल उचलला तर अण्णानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि अध्यक्षांकडं वळला.

"साहेब, तुम्ही मालकांचे चिरंजीव. बोटं येत्यात न्हवं?"

"येत्यात की गुरुजी. वडिलांनी शिकवलीत."

"मग बसा."

साहेब हसत हसत ओट्यावर बसले. अण्णानं रुमाल टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "माल म्हंजे हा हॉल. पाडायचा न्हाय. रविवारी उघडा, किल्ली माझ्याकडं. किती वर्षं, ते हितं खाली." पाहुणे फोन काढून फोटो घेऊ लागले. मी समोर उभा होतो, रुमालाकडं बघत. खेळातला सौदा पटकन संपतो. हा संपेना. अध्यक्षांचं हसू मधेच कुठंतरी विरलं आणि चेहरा असा झाला की मला एकदम मालक आठवले... मग रुमाल निघाला. टाळ्या झाल्या. अण्णानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

पायरीवर मी त्याला गाठला. "किती?"

"पाच वर्षं. अंगठा दाबला."

"उद्याच्या उद्या स्टँपपेपर आणतो. सही घे."

"खुळा हाईस व्हय? त्या वट्ट्यावर कुणाच्या बापानं कागद केलाय? त्यांच्या न्हाय, तुझ्या न्हाय."

"आणि फिरला तर?"

"त्या वट्ट्यावर बसून? मालकांचा पोरगा?"

यार्डात आज बिलाशिवाय एक पोतं हलत नाही आणि फोनवर ठरलेलं फोनवरच मोडतं, हे मला रोज दिसत होतं. मी त्याला शिव्या घातल्या, दोन दिवस बोललो नाही. पण तो ऐकला नाही. शाळेत पन्नास वेळा तह आणि त्यांचे भंग शिकवलेला माणूस, आणि एका रुमालावर विश्वास ठेवून बसला. अण्णावरचा माझा राग हा आहे, आणि तो आता कुणावर काढू?

उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही गेलो तर दाराला नवं कुलूप. आम्ही दोघं अध्यक्षांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी लिंबू सरबत मागवलं.

"गुरुजी, ती गंमत हो. पाहुण्यांसमोर कार्यक्रम म्हणून केलं. तुम्ही शिकलेली माणसं, असलं काय धरून बसता?"

"तुम्ही अंगठा दाबलासा," अण्णा म्हणाला.

"कुठं दाबला? कुणी बघितलं?"

मी खुर्ची मागं सारून उठलो आणि जे बोललो ते छापता येणार नाही. अण्णानं माझी बाही धरून मला बाहेर ओढलं. रस्त्यावर आल्यावर तो हळूच म्हणाला, "बघ दत्ता, त्यांनी 'दाबला न्हाय' असं म्हटलं न्हाय. 'कुणी बघितलं' म्हटलं." एवढ्यावर तो समाधानी होता!

त्यानंतर तो बाहेरून हॉल दाखवू लागला. घरून एक स्टूल आणायचा, खिडकीच्या गजांपाशी ठेवायचा, बसस्टँडवरून कुणी मिळालं तर त्याला स्टुलावर चढवायचा आणि खालून बोट करायचा, "तो वट्टा. तिथं उजव्या अंगाला वजनाचा काटा टांगलेला असायचा. वास आला का? नाक गजाला लावा." वर उन्हाचा कहर, खाली डांबर, अंगावरून एसट्या जायच्या. लोक येईनासे झाले. शिंका बंद झाल्या. बाजारात पोरंसोरं म्हणू लागली, गुरुजींनी वाऱ्याशी सौदा केला. मी भांडायचो त्यांच्याशी, पण रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता, कारण माझ्याच मनात शंका शिरली होती. अण्णाला बोटांची भाषा माझ्याकडून आलेली, तीही खेळातली. समोरच्यानं सहज हात आवळला आणि यानं अंगठा धरला असं झालं नसेल कशावरून? एकदा स्टुलावर बसून पाणी पिताना त्यानं विचारलं, "तुझा तरी इश्वास हाय न्हवं रं?" मी म्हणालो, "हाय की." फार पटकन म्हणालो. पटकन 'हो' म्हणणारं गिऱ्हाईक माल घेत नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. तो बाटलीचं झाकण लावत राहिला.

मग एका सकाळी अंघोळ करून आल्यावर तो कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बेळगावला नेलं. वहिनी बेळगावजवळ कंग्राळीला भाचीकडं राहून दवाखान्यात ये-जा करायच्या. मी वंटमुरीचा घाट ओलांडून जायचो, डॉक्टरांशी भांडायचो, औषधवाल्याशी भांडायचो, आणि खाटेपाशी गेलो की माझं तोंड बंद व्हायचं. तो डोळ्यांनी बघायचा. चाळीस वर्षं वर्गात बोललेला माणूस.

शेवटच्या भेटीत वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बसा थोडं. मी चहा घेऊन येते." त्या गेल्या. उशाशी त्याचा पांढरा रुमाल घडी करून ठेवलेला होता. घरचं काहीतरी जवळ असावं म्हणून त्यांनी आणलेला. मी तो उघडला आणि त्याच्या डाव्या हातावर टाकला, तेवढाच हात चालत होता. माझा हात खाली घातला. त्याचे डोळे माझ्या तोंडावर आले. मी म्हणालो, "अण्णा... एवढं सांग. त्यानं दाबला होता?"

मला वाटलं, त्याला कळलंच नाही. मग बोटं हलली. त्यानं माझा पंजा धरला, सोडला, परत धरला. दहा. त्यानं दहा वर्षं मागितली होती. मग त्यानं आपली दोन बोटं माझ्या मुठीत सरकवली. मी अध्यक्ष झालो होतो. अध्यक्षांनी दोन देऊ केली होती. मग त्यानं माझी आठ बोटं धरली, पंजा आणि तीन. मग आपली तीन बोटं माझ्या मुठीत. मग हात सैल सोडला, इतका सैल की मला वाटलं झोप लागली. तसं नव्हतं, सौदा तुटायला आला होता, ते तो सांगत होता. मग त्यानं सबंध पंजा माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्याच्यावर मिटवली. पाच. आणि मग, अंगठा दाबायच्या आधी, त्यानं माझ्या करंगळीचं टोक शोधलं आणि त्यावर नखानं टोचलं. बारीक. मुंगी चावल्यासारखं...

मी हात काढून घेतला नाही. अण्णानं मालकांशी आयुष्यात कधी सौदा केला नव्हता. ती खोड मी त्याला कधी सांगितली नव्हती, कारण रुमालाखालचं बोलायचं नसतं. ती त्याला एकाच हातातून कळू शकत होती. मुलाचा हात वडिलांच्या सवयीनं चालला होता. खेळात नख टोचत नाही कुणी. मग अण्णानं अंगठा दाबला आणि डोळे मिटले. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी खाली मान घालून बसलो होतो. त्या म्हणाल्या, "काय बोलणं झालं का दोघांचं?" मी म्हणालो, "झालं."

त्यानंतर काही दिवसांनी तो दुपारचा फोन आला.

मी बेळगावला वकिलाकडं गेलो. चांगला माणूस, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुरावा काय आहे?" मी करंगळी पुढं केली. तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "शेठ, तुम्ही चार दिवस विश्रांती घ्या." शोकसभेत अध्यक्षांनी अण्णाला 'हॉलाचा आत्मा' म्हटलं. मी उठलो तर दोघांनी मला खाली बसवलं. शोकसभेत भांडायचं नसतं म्हणे. मग कुठं भांडायचं असतं?

कुलूप निघालं ते कौलं उतरवायला. मला कळलं तसा मी वहिनींकडून रुमाल मागून घेतला आणि तिथं गेलो. अध्यक्ष आणि कंत्राटदार दारात, मजूर शिड्या लावत होते. आत पाऊल टाकताच अध्यक्षांना शिंक आली. मी सरळ जाऊन ओट्यावर बसलो, हात पुढं केला, त्यावर रुमाल पसरला.

"या साहेब."

"काय शेठ, आता तुम्ही पण..."

"गंमतच हाय न्हवं? मग घाला की हात. मी काय मागत न्हाय. नुसता हात घाला."

मजूर थांबून बघू लागले. कंत्राटदार हसला, "घाला हो साहेब, शेठचं मन राखा." अध्यक्षही हसले आणि त्यांचा हात पुढं आलासुद्धा, रुमालाच्या काठापर्यंत. तेव्हा मी फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणालो, "अण्णाच्या करंगळीला टोचलासा तुम्ही. मालकांसारखं." हात तिथंच थांबला. त्या क्षणी ते माझ्याकडं बघत नव्हते, त्या हाताकडं बघत होते, जणू तो त्यांचा नव्हताच. मग त्यांनी तो खिशात घातला. "लागा रे कामाला," म्हणाले. वळून गेले, आणि पलीकडच्या टोकाची कौलं खाली पडू लागली. मी ओट्यावर बसून होतो. रुमालाखाली माझा हात उघडाच होता. मी त्या दिवशी ओरडलोसुद्धा नाही. ओरडून काही वाचणार असतं तर माझ्याइतका ओरडणारा या गावात दुसरा कोण आहे?

आता छप्पर नाही. भोवती पत्रे ठोकलेत. ओट्यावर पाऊस पडतो, ऊन पडतं, वास गेला. मी रविवारी अण्णाचं स्टूल घेऊन पत्र्याच्या फटीपाशी जातो. का जातो, ते बायको विचारते, मी तिच्यावर खेकसतो. बहुतेक रविवारी कुणी येत नाही. मी बसतो, अंधार पडायच्या आत उठतो.

गेल्या रविवारी धारवाडकडचे एक नवरा-बायको बसची वाट बघत इकडं आले. त्या माणसानं फटीतून आत डोकावून मला विचारलं, "इल्ली एनित्तु?" इथं काय होतं? मला कन्नड येतं ते बाजारातलं, अण्णासारखं नाही. मी स्टुलावरून उठलो, त्याला बसवलं, त्याचा हात घेतला आणि वर रुमाल टाकला. बायको जरा मागं सरकली. मी त्याचा पंजा धरला, सोडला, धरला. दोन बोटं दिली. आठ. तीन. मग हात सैल सोडला, आणि तो कावराबावरा होऊन माझ्याकडं बघू लागला. मग पाच. करंगळीला नख. अंगठा.

त्यानं हात बाहेर काढला आणि करंगळीकडं बघितलं. "हे काय?"

"अध्यक्षांचा शब्द," मी त्याला त्याच्या भाषेत म्हणालो. "जपून न्या."

आणि मी रुमाल एकदा झटकून खांद्यावर टाकला.